विंगेत उभं राहायचं कुठे? – इंटर्नशिपवाल्यांची पत्रं

मागच्या अंकात नाटकाच्या युनिटमध्ये इंटर्नशिप करणाऱ्या पोरांबद्दल चार ओळी लिहिल्या काय, पत्रांचा नुसता पाऊस. निम्मी कॉलेजच्या पोरापोरींची, थोडी आईबाबांची, आणि एक तर चक्क एका निर्मात्याचं, ज्यात फक्त एवढंच लिहिलंय की 'कोणी असेल तर पाठवा, पण रडकं नको'. ते छापत नाही, निरोप पोचवला असं समजा. नवीन अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट आल्यापासून नाटकवाल्यांकडेही कॉलेजची पत्रं घेऊन मुलं येतायत आणि दोन्हीकडे गोंधळ आहे, मुलांना कळत नाही काय करायचं, युनिटला कळत नाही ह्यांचं काय करायचं. म्हणून ह्या वेळी सगळा कॉलम ह्याच विषयावर, बाकीची पत्रं पुढच्या महिन्यात.

प्रश्न : ताई, मी बीएएमएमसीच्या, म्हणजे मास कम्युनिकेशनच्या, शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजमध्ये एकांकिका केल्या, आयएनटीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फायनलला होतो आम्ही, दिग्दर्शन माझं होतं. आता एका व्यावसायिक नाटकाच्या युनिटमध्ये इंटर्नशिप मिळाली तर वाटलं दिग्दर्शकाला असिस्ट करेन, तालमी बघेन. पण नाटक आधीच चालू आहे आणि दिग्दर्शक मला एकदाच दिसलेत. मी कपड्यांना इस्त्री करते, प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंचं, टेबल लावते आणि चहा सांगते. महिना झाला. मी नक्की काय शिकतेय?
— डोंबिवलीची वैतागलेली

उत्तर : फायनलला दिग्दर्शन केलेल्या मुलीच्या हातात इस्त्री दिली की डोकं फिरणारच, त्यात काही चूक नाही. पण तू जे लिहिलंयस ना की नाटक आधीच चालू आहे, माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. तालमीत बसायला मिळालं असतं तर तू तेच शिकली असतीस जे तुला थोडंफार येतंय.

बघ, एकांकिका कशी असते, महिना-दोन महिने रात्र रात्र तालमी, स्पर्धेच्या दिवशी धावतपळत सेट लावायचा, पाऊण तास जीव तोडून करायचं, मग निकाल, रडारड, फोटो, संपलं. फार तर सवाईला, म्हणजे जिंकलेल्या एकांकिकांच्या स्पर्धेला, नंबर लागला तर अजून एक रात्र. सगळा जोर त्या एका रात्रीवर. तिथे कोणी हातातली बाटली विसरलं तर दुसरा कोणी सांभाळून घेतो आणि नंतर वर्षभर तो किस्सा कट्ट्यावर चालतो. व्यावसायिकला त्याचा किस्सा होत नाही, तक्रार होते, कारण शंभराव्या प्रयोगाला जी बाई पुढच्या रांगेत पाचशे रुपये देऊन बसलीय तिच्यासाठी तो पहिलाच प्रयोग असतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये षण्मुखानंदला प्रशांत दामलेंनी कारकिर्दीतला १२,५०० वा प्रयोग केला तेव्हा सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, करायलाच हवं, पण मी पडली बॅकस्टेजवाली त्यामुळे माझ्या डोक्यात दुसरंच आलं, की म्हणजे एवढ्या वेळा कोणीतरी सदरा इस्त्री करून टांगलाय आणि एवढ्या वेळा तो त्याच खुंटीवर सापडलाय. एकदा चांगलं करणं तुला येतं. परत परत तेवढंच चांगलं कसं होतं हे तू आत्ता आतून बघतेयस, आणि ते बाहेरून कोणाला दिसत नाही.

आता तुझं टेबल. नुसतं मांडत असशील तर कंटाळा येईलच. टेबलावर पांढरा कागद चिकटव, प्रत्येक वस्तू ठेवून तिच्याभोवती पेनाने रेघ मार आणि आत नाव लिही, चष्मा, पाकीट, औषधाची बाटली, दुसऱ्या अंकातलं पत्र. मग अंक सुरू व्हायच्या आधी एक नजर टाकली की झालं, रिकामी चौकट दिसली म्हणजे वस्तू कुठेतरी राहिलीय. याद्या वाचत बसायला विंगेत उजेड पण नसतो आणि वेळ पण. आणि हे टेबल दर प्रयोगाला नव्या जागी लागतं, कारण आपल्याकडे नाटकाला स्वतःचं थिएटर नाही, दुपारी पार्ल्याला दीनानाथ, रात्री ठाण्याला गडकरी, मधे टेम्पो. कुठे विंग ऐसपैस, कुठे दोन माणसं समोरासमोर आली की एकाने पोट आत घ्यायचं. म्हणजे नट ज्या बाजूने बाहेर येतो, ज्या हाताने वस्तू उचलतो, ते सगळं तुला रोज नव्याने जुळवायला लागतं. ह्याला मी तरी दिग्दर्शनच म्हणते, कोणी म्हणो न म्हणो.

इस्त्रीचंही तसंच. एखाद्या कुर्त्याला पुढे बटणं दिसतात पण आत वेल्क्रो किंवा चेन असते ते बघितलंस का? विंगेत अर्ध्या मिनिटात कपडे बदलायचे असतात, बटणं लावत बसलं तर एन्ट्री गेली. तो सदरा कुठल्या बाजूने उलगडून धरायचा, आधी कुठला हात, चपला कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायच्या हे कपडेपटवाल्या मावशींना विचार, त्या तुला जे सांगतील ते कुठल्या वर्कशॉपमध्ये मिळणार नाही. तू पुढे जेव्हा दिग्दर्शन करशील आणि नटीला तीन ओळींत साडी बदलून ये म्हणशील तेव्हा त्या मावशी आठवतील.

आणि एक काम आजपासूनच कर. पहिला अंक किती मिनिटं चालला ते दर प्रयोगाला लिहून ठेव, दुसराही. तुला दिसेल की तेच नाटक एके दिवशी चार मिनिटं लांबतं आणि एके दिवशी तीन मिनिटं आकसतं. लांबलं तर का, प्रेक्षक जास्त हसले म्हणून की कोणी हशा बघून आपलं एक वाक्य वाढवलं म्हणून? आकसलं तर कोणाला शेवटची गाडी पकडायची होती? आपल्याकडे संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय प्रयोग नाही, म्हणजे कागदावरचं नाटक ठरलेलं असतं, तरी पंचवीस प्रयोगांनंतर ते कागदापासून किती सरकतं हे तुझ्या वहीत आकड्यात दिसेल. दिग्दर्शक अधूनमधून अचानक येऊन मागच्या रांगेत का बसतात ते मग विचारावं लागणार नाही. पुढच्या वेळी ते आले आणि तुझ्या हातात ती वही असली तर बोलायला विषयही मिळेल.

चहाचं म्हणशील तर तो कोणीतरी सांगतोच. मात्र रोज तूच सांगतेस आणि युनिटमधला तुझ्याच वयाचा मुलगा कधीच सांगत नाही असं असेल तर तसं स्पष्ट बोल. हसत बोल, पण बोल.

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, एका नाटकाच्या युनिटमध्ये कॉलेजतर्फे ट्रेनिंग करते. शनिवार-रविवार घरी यायला रात्रीचा एक-दीड वाजतो. पैसे काही मिळत नाहीत, उलट रिक्षाचे आमचेच जातात. विचारलं तर म्हणते, बाबा, प्रोफेशनल थिएटर असंच असतं. खरंच असं असतं का?
— मुलुंडचे एक बाबा

उत्तर : काका, अर्धं खरं आहे. रात्रीचा प्रयोग साडेआठचा, घंटा वेळेवर झाली आणि मध्यंतरात वड्याची रांग लांबली नाही तर अकराला संपतो. मग सेट उतरवायचा, सेटच्या भिंतींचे फ्लॅट सुटे करायचे, कपडे मोजून पेटीत, प्रॉपर्टी खोक्यात, सगळं टेम्पोत. बारा सहज वाजतात. हे चुकत नाही कोणाला.

पण टेम्पो भरेपर्यंत एकोणीस वर्षांच्या शिकाऊ मुलीने थांबलंच पाहिजे हे कुठेही लिहिलेलं नाही. तिने प्रॉपर्टी मोजून दिली की तिचं काम संपलं, युनिटच्या मॅनेजरना हे सरळ सांगता येतं आणि बहुतेक जण ऐकतात. बाहेरगावच्या प्रयोगाला बस असते, मुंबईतल्या मुंबईत मात्र ज्याची त्याची सोय असते आणि शेवटची लोकल गेली की सोय म्हणजे ओला-रिक्षा. तेव्हा युनिटमधलं मुलुंड-ठाण्याकडचं कोण आहे, कोणाची गाडी त्या बाजूला जाते हे पहिल्याच आठवड्यात विचारायला हवं होतं, अजूनही विचारता येईल. ह्यात लाज वाटायचं काही कारण नाही, मोठमोठे नट एकमेकांच्या गाडीतून घरी जातात.

पैशांचं. नाटकात नटापासून बॅकस्टेजच्या माणसापर्यंत बहुतेक सगळे नाइटवर असतात, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, नाही तर नाही. त्या हिशोबात शिकाऊ पोराचं नाव कुठेच बसत नाही म्हणून ते राहून जातं, दर वेळी कोणी लबाडी करतंय असं नाही. तरी प्रवास आणि जेवण एवढं तरी युनिटने द्यायलाच हवं असं माझं मत आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. जे ठरेल ते कॉलेजच्या पत्रावर लिहून घ्या, किती तास, कुठले वार, दौऱ्याला जायचं की नाही, परतीची जबाबदारी कोणाची. तोंडी ठरलेलं नाटकात पहिल्या हाऊसफुल्लला सगळे विसरतात.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ उमेदवारांनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तक्रार समिती असायला हवी, त्याहून लहान युनिट असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलीला हे माहीत असू दे, घाबरवायला नाही, नुसतं माहीत असू दे. आणि तुम्ही एकदा तिकीट काढून प्रयोगाला जा, मध्यंतरात मागे जाऊन मॅनेजरना भेटा. बाप येऊन भेटून गेला की पोरीला लवकर सोडतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव.

प्रश्न : मला लाइट डिझाइन करायचंय. सहा महिन्यांसाठी एका लाइटवाल्या दादांकडे लागलोय. दादा कन्सोलला, म्हणजे लाइटच्या बटणांच्या बोर्डाला, हात लावू देत नाहीत. केबल गुंडाळ, केबल सोड, पार नावाचे लाइट वर चढव, एवढंच. यूट्यूबवर मी त्यापेक्षा जास्त शिकलोय. काय करू?
— बोरिवली, वय २०

उत्तर : केबल नीट गुंडाळता येते का तुला? खरंच विचारतेय. कोपर आणि पंजात घालून दोरीसारखी गुंडाळत असशील तर आतल्या तारा पिळल्या जातात आणि काही महिन्यांत ती केबल मधेच मरते, तीही प्रयोगात. एक वेढा सरळ, दुसरा उलटा घातला की केबल पिळत नाही आणि पुढच्या थिएटरला एक टोक धरून फेकली की सरळ उलगडते. दादांना ते बघायचं असणार, कन्सोल नाही. ज्याची केबल दुसऱ्या दिवशी गाठ न पडता सुटते त्याला ते वरच्या बटणापाशी बसू देतील.

आता दुसरं. जुना हॅलोजनचा पार असेल तर त्याचा दिवा कधी उघड्या हाताने धरला आहेस? धरू नकोस. बोटांचं तेल काचेवर राहतं, दिवा तापला की नेमकी तीच जागा जास्त तापते आणि दिवा फुटतो, कधी लगेच, कधी आठ प्रयोगांनी. स्वच्छ कापडाने धरायचा, चुकून हात लागला तर स्पिरिटने पुसायचा. तिसरं, हिशोब. हजार वॉटचा एक पार आपल्या २३० व्होल्टवर साधारण सव्वाचार-साडेचार अँपिअर खातो. पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर तीन चालतील, चौथा लावलास तर नायिकेच्या भावुक प्रसंगात अर्धं स्टेज काळोखात. एलईडी आल्यापासून पोरं हा हिशोबच विसरली, पण सगळ्या युनिटकडे सगळे एलईडी नाहीयेत, आणि बाहेरगावी एखाद्या हॉलला जाशील तिथे तर भिंतीतल्या पॉइंटचाही भरवसा नाही. हे सगळं यूट्यूबवर असेलही, पण पावसाळ्यात टेम्पोतून उतरलेल्या खोक्यातला कुठला जोड ओला आहे ते यूट्यूब सांगणार नाही. ओला वाटला तर लावू नकोस आणि दादांना सांग, घंटेला उशीर झाला तरी चालेल.

कन्सोलचं असं कर. प्रयोगाला दादांच्या शेजारी बस आणि नुसतं बघू नको, लिही. कुठल्या शब्दावर हात हलला, शब्दाच्या आधी की नंतर, लाइट किती मोजेपर्यंत चढला. दहा प्रयोग असं लिहिलंस ना की तुला कळेल, दादा रोज त्याच शब्दावर करत नाहीत. नटाने श्वास लांबवला तर ते थांबतात, हशा आला तर तो उतरायची वाट बघतात. ठरलेला क्यू, म्हणजे लाइट बदलायची खूण, आणि आजचा क्यू ह्यांत जी तफावत असते तिथे त्यांचं सगळं काम आहे. तेवढं कळलं की तूच म्हणशील बरं झालं पहिल्या महिन्यात हात लावू दिला नाही. आणि नाही कळलं, सहा महिने संपत आले तरी दादा काहीच सांगत नाहीत, तर खुशाल दुसरीकडे जा, सगळेच चांगले शिकवणारे नसतात, काहींना फक्त केबल गुंडाळायला फुकटचा पोरगा हवा असतो.

प्रश्न : स्टेजवर चपला का घालू देत नाहीत? मी पहिल्याच दिवशी गेले तर सगळे बघायला लागले. ही अंधश्रद्धा नाही का?
— गिरगाव

उत्तर : असेल. नाटकात भूमिकेच्या चपला-बूट चालतात, तुझ्या स्वतःच्या चालत नाहीत. नमस्कार, नारळ, नटराज, अगरबत्ती, ज्याची जी श्रद्धा. तुला मानायचं नसेल तर मानू नकोस, पण ज्या जागेवर कोणीतरी दुसऱ्या अंकात आडवं पडून रडणार आहे तिथे रस्त्यावरचा चिखल आणू नये एवढं तरी पटेल की नाही? खिळे पडलेले असतात ते मात्र खरं, सेट लागेपर्यंत अनवाणी फिरू नकोस, स्टेजसाठी वेगळे स्वच्छ बूट पिशवीत ठेव आणि आधी विचार.

प्रश्न : परवाच्या प्रयोगात ब्लॅकआउटमध्ये मला खुर्ची आत आणायची होती. काळोखात काही दिसेना, जागा सापडेना, आणि लाइट आला तर मी खुर्ची घेऊन स्टेजच्या मधोमध. प्रेक्षक हसले. प्रयोग संपल्यावर मॅनेजर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले. दोन दिवस गेलो नाहीये. सोडून देऊ का?
— लालबागचा, नाव नको

उत्तर : सोडू नकोस, निदान ह्या कारणासाठी तरी नको. खुर्ची घेऊन उभं राहिलेलं माणूस प्रत्येक युनिटमध्ये एकदा दिसतं, पुढे वीस वर्षं त्याला त्यावरून चिडवतात आणि तोच मग जुना माणूस होतो.

काळोखात दिसत नाही त्याला कारण आहे. उजेडातून एकदम अंधारात आलं की डोळ्याला सवय व्हायला बरीच मिनिटं लागतात आणि तुझ्याकडे असतात सात-आठ सेकंद. म्हणून ब्लॅकआउटच्या आधीच्या वाक्यांना विंगेत स्टेजकडे बघत राहायचं नाही, तिकडे पाठ फिरव किंवा डोळे मिटून घे, निदान एक डोळा तरी हाताने झाक. लाइट गेला की त्या डोळ्याला बाकीच्यांपेक्षा जास्त दिसतं. स्टेजवर रेडियमची पट्टी लावली असेल तर लक्षात ठेव की ती आपोआप चमकत नाही, तिला आधी उजेड प्यावा लागतो, सेट लावताना ती सतरंजीखाली किंवा सोफ्याच्या सावलीत राहिली असेल तर ऐन वेळी मेलेली असते. प्रयोगाआधी फिरून प्रत्येक पट्टीवर टॉर्च मार. आणि विंगेपासून खुर्चीच्या जागेपर्यंत किती पावलं ते सेट लागल्यावर उजेडात चालून मोज, मग डोळे मिटून चाल. हे दर थिएटरला नव्याने, कारण शिवाजी मंदिरची पावलं यशवंतला लागू नाहीत. अजून एक, उजवीकडे म्हणजे नटाच्या उजवीकडे की प्रेक्षकांच्या? पहिल्या दिवशी विचारून घे, अर्धे घोळ तिथले असतात.

ओरडण्याबद्दल. प्रयोगानंतर अर्धा तास सगळ्यांचं डोकं तापलेलं असतं. मॅनेजर काय ओरडले ते आठव. 'खुर्ची वेळेत का नाही आली' असं असेल तर ते कामावर ओरडले, उद्या जाऊन त्यांना सांग की आता मी असं असं करणार आहे, विषय संपेल, बहुतेक तेच चहा पाजतील. पण तुझ्या घरावरून, जातीवरून, दिसण्यावरून काही बोलले असतील, किंवा हात उचलला असेल, तर ते नाटकाचं वातावरण वगैरे काही नसतं. तसं असेल तर कॉलेजच्या सरांना त्याच दिवशी सांगायचं आणि हो, तेव्हा मात्र सोडायचं.

दोन दिवस न सांगता गेला नाहीस ते वाईट झालं. तुझी खुर्ची त्या दोन प्रयोगांत दुसऱ्या कोणीतरी आणली असणार, त्याचं आधी काय काम होतं ते विचार.

प्रश्न : मी लातूरहून मुंबईत शिकायला आलोय. नाटकात कोणाची ओळख नाही. इंटर्नशिप मागायला कुठे जायचं?
— हॉस्टेल, कलिना

उत्तर : कलिन्यालाच आहेस तर आधी आवारातच चक्कर मार, मुंबई विद्यापीठाची अॅकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स तिथेच आहे, तिथल्या मुलांच्या प्रयोगांना जा, ओळखी तिथून सुरू होतात. मग पेपरातल्या नाटकाच्या जाहिराती नीट वाच, नटांची नावं सोडून खालची बारीक अक्षरं. सूत्रधार म्हणून ज्यांचं नाव असतं तो माणूस तारखा, बस, पैसे, माणसं सगळं बघतो, तुला भेटायचंय त्यांना, निर्मात्याला नाही आणि हिरोला तर नाहीच. प्रयोगाच्या आधी तास-दीड तास जा, तिसऱ्या घंटेच्या तोंडावर जाऊ नकोस, आणि 'मला अॅक्टिंगमध्ये इंटरेस्ट आहे' ह्या वाक्याने सुरुवात करू नकोस. कुठले दिवस मोकळा आहेस, उशिरापर्यंत थांबू शकतोस का, काय काय येतं, एवढं सांग. सुतारकाम येत असेल तर ते आधी सांग, नाचून घेतील.

मराठी व्यावसायिकच पाहिजे असा हट्ट नसेल तर जुहूच्या पृथ्वी थिएटरला आणि नरिमन पॉइंटला एनसीपीए ह्या कलाकेंद्रालाही विचारून बघ. तिथे शिकायला मिळतं ते वेगळं, जागा पक्की असते, टेम्पो नाही. पृथ्वीला प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात त्यामुळे आपल्या विंगेतल्या लपाछपीच्या सवयी मोडतात, आणि उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत हे दारावर उभं राहून शांतपणे सांगायला शिकणं ही एक वेगळीच इंटर्नशिप आहे.

आणि प्रायोगिकवाल्यांना विसरू नकोस. १९७४ मध्ये आविष्कार ह्या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेत प्रयोग सुरू केले त्यातून केवढी मोठी माणसं आली ते सगळे सांगतात, पण तिथे अरुण काकडे नावाचे एक गृहस्थ होते जे आयुष्यभर हॉल, तारखा, पैसे, सेट, माणसं जमवत राहिले आणि त्या कामावर नाट्यसंमेलनाचे अध्यक्षही झाले. नाटकात राहायचं म्हणजे प्रकाशात उभंच राहायला लागतं असं नाही, हे तुला कोणी ओळखीचं नसताना मुद्दाम सांगतेय.

प्रश्न : इंटर्नशिप संपत आली. कॉलेजला रिपोर्ट द्यायचाय, वीस पानं. मॅडम म्हणतात लर्निंग आउटकम लिहा. मला सुचतच नाही, आम्ही तर फक्त प्रयोग करत होतो.
— दादर

उत्तर : 'टीमवर्कचं महत्त्व कळले', 'वेळेचे नियोजन शिकले' असली वाक्यं लिहू नकोस, मॅडमनी ती ह्या वर्षात शंभरदा वाचली असतील. एक प्रयोग घे, एकच, आणि टेम्पो थिएटरच्या मागच्या दाराला लागल्यापासून परत जाईपर्यंत काय काय झालं ते वेळेसकट लिही. कुठला फ्लॅट आधी उतरला आणि का, मागे खडूने नंबर कसे घातलेत, नटांच्या कपड्याला लावायच्या लेपल माइकच्या बॅटऱ्या कधी बदलल्या, साउंडवाल्याने लॅपटॉपचं वायफाय बंद केलं की नाही, पहिली घंटा कोणाच्या सांगण्यावरून झाली. मग दुसऱ्या थिएटरचा एक प्रयोग घे आणि फक्त जे वेगळं झालं तेवढं लिही. तिसरा असा घे ज्यात काहीतरी बिघडलं होतं, नट ट्रॅफिकमध्ये अडकला, लोकल बंद पडल्या, माइक गेला, काहीही, आणि कोणी काय करून प्रयोग सावरला ते लिही. वीस पानं पुरणार नाहीत.

फोटो टाकताना रंगपटातले टाकू नकोस, विचारल्याशिवाय तर नाहीच. तिकीटविक्रीचे आकडे, कोणाची किती नाइट, हेही नको, ते युनिटचं घरातलं आहे. नटांच्या भांडणांना तर हातच लावू नकोस, मॅडम आवडीने वाचतील आणि मग सगळ्या दादरला कळेल.

आणि सर्टिफिकेटवर सही-शिक्का ह्याच आठवड्यात घे, आजच घे जमलं तर. एकदा दौऱ्याची बस सांगली-कोल्हापूरकडे निघाली की मॅनेजर दहा दिवस फोन उचलणार नाहीत आणि तुझी सबमिशनची तारीख काही त्यांच्यासाठी थांबायची नाही.